ढिकालात हत्ती बघायचेत? मग ढिकुलीत रूम बुक करू नका

पहिल्यांदा उत्तराखंडातल्या जिम कॉर्बेट नॅशनल पार्कला गेलो तेव्हा मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको असे चौघं तीन दिवस राहून एकही हत्ती न बघता परत आलो. हत्ती होते, आम्हीच भलत्या जागी होतो. ढिकालात राहायचं असं वाचलेलं, म्हणून मी दोन महिने आधी रूम बुक केली, फोटोत नदी, मागं डोंगर, नाव 'ढिकुली', मला वाटलं इंग्रजीतनं मराठीत येताना स्पेलिंगचा घोळ झाला असेल. तिथं पोचल्यावर कळलं की ढिकुली म्हणजे रामनगरच्या पुढं रानीखेत रोडवरचं गाव, ओळीनं रिसॉर्ट, रात्री डीजे, लग्नाचे मांडव. आणि ढिकाला म्हणजे पार जंगलाच्या पोटात, धनगढी गेटपासून आत ३१ किलोमीटर. मेहुणा अजून म्हणतो, "दाजी, ते ढिकुलीचं काय झालं?"

नंतर दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा उन्हाळ्यात, दोन्ही वेळा आत मुक्काम करून. आता ओळखीतलं कुणी जायचं म्हटलं की मलाच फोन येतो आणि मी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

अजून एक. मी गडहिंग्लजकडचा. आमच्याकडं हत्ती म्हटलं की एक तर मठातला, नाहीतर आजरा-चंदगडच्या ऊसात शिरलेला टस्कर (सुळेवाला नर), म्हणजे रात्री फटाके, सकाळी पंचनामा, मग नुकसानभरपाईचा फॉर्म. हत्ती आपल्या घरात, आपल्या मर्जीनं वावरताना कसा दिसतो हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

१. आधी ठरवा: वाघासाठी चाललाय की हत्तीसाठी

हे पहिलं, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. २०२२ च्या गणनेत देशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांत सगळ्यात जास्त वाघ, २६०, कॉर्बेटमध्ये निघाले. पण म्हणून ते दिसतात असं नाही, सालाच्या झाडांत आणि उंच गवतात वाघ दडला की दडला. ताडोबात तळ्याकाठी वाघ बघायची सवय असेल तर इथं निराश व्हाल हे आधीच सांगतो. हत्ती मात्र ताडोबात नाहीत आणि इथं आहेत, भरपूर आहेत. २०२० साली उत्तराखंडात २०२६ हत्ती मोजले, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या कॉर्बेटमध्ये.

हत्तीसाठी जायचं असेल तर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जा. कारण साधं आहे. कालागढला रामगंगेवर धरण आहे, १९७४ साली झालेलं, त्याचं पाणी पार ढिकालाच्या माळापर्यंत येतं. उन्हाळ्यात खाली शेतीला पाणी सोडतात तसा जलाशय मागं हटतो आणि उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर कोवळं गवत येतं. बाकी जंगलातले ओढे त्या दिवसांत आटलेले, त्यांना तिकडं सोत म्हणतात, त्यामुळे चारा आणि पाणी दोन्ही एकाच ठिकाणी. हत्ती कळपाकळपानं तिथं उतरतात. त्या गवताळ माळाला चौड म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, ड्रायव्हर-गाईडच्या तोंडी दर दोन मिनिटाला येतो.

थंडीत जायचं तर जा, डिसेंबर-जानेवारीत पक्षी छान असतात आणि सकाळचं धुकं बघण्यासारखं असतं, पण उघड्या जिप्सीत (सफारीच्या जीपमध्ये) सकाळी बोटं चालत नाहीत आणि हत्ती जंगलभर पांगलेले असतात. मे महिन्यात ऊन चाळीसच्या आसपास, धूळ इतकी की रुमाल पिवळा होतो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर विचार करा. आमच्या आईला नेलं नाही, ती अजून बोलते त्यावर.

२. नकाशा डोक्यात बसवा

बहुतेक घोळ इथं होतात. कॉर्बेट म्हणजे एक गेट, एक पार्क असं नाही. वेगवेगळे झोन आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं, आणि एका झोनचं परमिट दुसऱ्या गेटवर चालत नाही.

- ढिकाला: धनगढी गेट, रामनगरपासून साधारण १८ किमी. १५ नोव्हेंबर ते १५ जून उघडा. हत्तींसाठी हाच.
- बिजरानी: आमडंडा गेट, रामनगरला अगदी लागून. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत.
- झिरना आणि ढेला: पावसाळ्यातसुद्धा सुरू असतात, पण पाऊस जास्त झाला की बंद.
- दुर्गादेवी, गर्जिया: दुर्गादेवीला डोंगराळ भाग, पक्ष्यांसाठी लोक जातात.

पार्कच्या पलीकडं कोटद्वारकडूनही प्रवेश आहे आणि तिकडंही वनखात्याची रेस्ट हाऊस आहेत. वेबसाईटवर यादीत सगळी एकाखाली एक दिसतात, त्यामुळे लोक ढिकाला मिळालं नाही म्हणून खालचं कुठलंतरी बुक करतात आणि मग रामनगरला उतरल्यावर कळतं की आपलं रेस्ट हाऊस जंगलाच्या दुसऱ्या टोकाला आहे. यादीतल्या प्रत्येक रेस्ट हाऊसपुढं झोनचं नाव बघायचं, ढिकाला झोन लिहिलेलं असेल तरच पुढं जायचं. त्या झोनमध्ये ढिकालाशिवाय गैरल, सर्पदुली, सुल्तान, खिनानौली ही रेस्ट हाऊस आहेत. गैरल नदीकाठी आहे, शांत आहे, मला तर ढिकालापेक्षा आवडलं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं ढिकालाच घ्यावं कारण चौड तिथं दाराशी आहे आणि जेवणाची कॅन्टीन आहे. छोट्या रेस्ट हाऊसवर बऱ्याच ठिकाणी शिधा आपला न्यावा लागतो, तो मुद्दा बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, नाहीतर रात्री बिस्किटं.

३. बुकिंग: खरी लढाई इथं आहे

ढिकाला झोनमध्ये आत जायचे दोनच मार्ग. एक, आत मुक्कामाचं बुकिंग, मग तुमच्या जिप्सीला आत प्रवेश. दोन, दिवसाची कॅन्टर सफारी, म्हणजे सोळा सीटची उघडी मिनीबस, रामनगरहून सकाळी किंवा दुपारी निघते आणि त्याच फेरीत परत आणते. दिवसापुरती जिप्सी घेऊन ढिकालात जाता येत नाही. बिजरानी, झिरना वगैरेला दिवसाची जिप्सी चालते, ढिकालाला नाही. तुम्हाला कुणी "ढिकाला जिप्सी डे सफारी" असं विकत असेल तर तो एक तर तुम्हाला बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या, रस्त्यावर फिरवणार किंवा झिरनाला नेऊन 'हेच ढिकाला' म्हणणार. पहिल्या वेळी आमचं हेच झालं, एका एजंटनं पैसे ढिकालाचे घेतले आणि परमिटवर झिरना. परमिट हातात आल्यावर मी वाचलंच नाही, चूक माझी पण आहे.

बुकिंग पार्कच्या सरकारी वेबसाईटवरच करायचं. सर्चमध्ये वर येणाऱ्या पहिल्या चार-पाच साईट बऱ्याचदा खासगी एजंटांच्या असतात, नावात कॉर्बेट, वाघाचा लोगो, अगदी सरकारी वाटतात. ओळखायची खूण अशी की खऱ्या साईटवर आधी अकाउंट काढायला लावतात, प्रत्येक माणसाचा आयडी नंबर मागतात, आणि तारखेप्रमाणे किती रूम शिल्लक ते दाखवतात. "आम्ही कॉल करतो" असं म्हणणारी साईट सरकारी नसते.

भारतीयांसाठी खिडकी साधारण ४५ दिवस आधी उघडते. परदेशी पाहुण्यांसाठी त्याहून लवकर, ९० दिवस. म्हणजे मे महिन्याच्या शनिवार-रविवारचं बुकिंग उघडलं की काही मिनिटांत संपतं, तत्काल तिकिटासारखंच. मी काय करतो ते सांगतो:

- अकाउंट आठवडाभर आधी काढून ठेवायचं, ओटीपी येतोय का ते तपासून.
- सगळ्यांची नावं, वय, आयडी नंबर एका कागदावर समोर, आयडीवर आहेत तश्शी. बायकोचं आधारवर माहेरचं नाव आणि बुकिंगमध्ये सासरचं, असं केलंत की गेटवर वाद.
- मधले वार घ्यायचे. मंगळवार ते गुरुवार मिळायची शक्यता जास्त. ताडोबा मंगळवारी बंद असतं म्हणून इथंही असेल असं वाटून लोक मंगळवार टाळतात, इथं आठवड्याची सुट्टी नाही.
- रूम मिळाली नाही तर ढिकालातली लॉग हट बघायची. ती डॉर्मिटरी आहे, एकावर एक बंक, बाथरूम सामाईक. स्वस्त पडते आणि हत्ती तेच दिसतात. आमच्या दुसऱ्या खेपेला तिथंच होतो, वरच्या बंकवर एक काका रात्रभर असे घोरत होते की मेहुणा म्हणाला वाघ कुंपणाच्या आत आलाय.
- पैसे गेले आणि परमिट आलं नाही असं झालं तर घाबरून लगेच दुसरं बुकिंग करू नका. आधी अकाउंटमध्ये जाऊन बघा, कधीकधी परमिट तिथं तयार असतं, फक्त मेल आलेला नसतो.

एकदा नाव टाकलं की बदलत नाही. परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ऐनवेळी मित्राऐवजी त्याचा भाऊ आला, चालेल ना, तर नाही चालत.

दोन रात्री घ्या. एका रात्रीत होतं काय, पहिल्या दुपारी पोचेपर्यंत दमता, दुसऱ्या सकाळी एक सफारी आणि आवरून बाहेर. दोन रात्रींत चौड कळायला लागतं.

काहीच मिळालं नाही तर कॅन्टर. लोक नाकं मुरडतात, गाडी मोठी, आवाज होतो, मागच्या सीटवर सगळी धूळ, ते खरंय, पण उन्हाळ्यात कॅन्टरमधूनसुद्धा हत्ती दिसतात.

४. कागदपत्रं

- परमिटची प्रिंट, दोन प्रती. मोबाईलवर दाखवतो म्हणू नका.
- प्रत्येकाचा ओरिजिनल फोटो आयडी, तोच जो बुकिंगला टाकला. बुकिंगला आधार आणि गेटवर पॅन, असं चालत नाही.
- त्या आयडींच्या झेरॉक्स.
- लहान मुलांचं आधार. घरी राहतं हमखास.
- जिप्सीवाल्याला गाडीचा नंबर परमिटला जोडायचा असतो, त्यासाठी परमिटचा फोटो त्याला आदल्या दिवशी पाठवा.
- सुट्टे आणि रोख पैसे. आत एटीएम नाही, नेटवर्क नाही, त्यामुळे यूपीआयच्या भरवशावर राहिलात की जेवणाचं बिल द्यायला शेजारच्या ग्रुपकडं उसने मागाल. आम्ही मागितलेत, नागपूरचे होते, बिचाऱ्यांनी दिले.

५. रामनगरला पोचायचं कसं

आधी हे बघा की तुमचं रामनगर बरोबर आहे. देशात रामनगर पुष्कळ. माझ्या मावशीला मी रामनगर म्हटल्यावर बेळगाव-गोवा रस्त्यावरचं, अनमोडच्या अलीकडचं रामनगर वाटलं, "तिथं कुठले रे एवढे हत्ती?" आपल्याला हवंय ते उत्तराखंडातलं, नैनिताल जिल्ह्यातलं.

मुंबईकरांची सोय चांगली आहे, वांद्रे टर्मिनसहून थेट रामनगरला आठवड्यातून एक गाडी आहे. तिचा वार आणि तुमच्या मुक्कामाची तारीख जुळली तर डोळे झाकून घ्या, पण आधी मुक्काम मग तिकीट, उलटं करू नका. आम्ही मिरजेला गोवा एक्सप्रेस पकडली, दिल्लीत निजामुद्दीनला उतरलो, तिथून टॅक्सी. दिल्लीहून अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, सहा तास धरा, मुरादाबादच्या पुढं रस्ता कसा आहे त्यावर. आनंद विहार बस स्टँडहून रामनगरच्या बस सुटतात, स्वस्त पडतं, रात्रीची घेतली तर पहाटे उतरवतात. विमानानं जवळचं म्हणजे पंतनगर, तिथून ऐंशी-एक किलोमीटर.

आदल्या रात्री रामनगरलाच मुक्काम करा. दिल्लीहून त्याच दिवशी येऊन गेट गाठायचा हिशेब ट्रॅफिकमध्ये एकदा बिघडला की पहिली सफारी गेली, आणि अंधार पडल्यावर गेट कुणासाठी उघडत नाहीत. जायच्या दिवशी सकाळी वेळ मिळाला तर धनगढीचं छोटं म्युझियम बघा. कालाढुंगीला जिम कॉर्बेटचं घर आहे, तिथंही म्युझियम आहे, पण ते वेगळ्या रस्त्यावर, परत येताना ठेवा. हे पार्क १९३६ साली हेली नॅशनल पार्क म्हणून सुरू झालं, देशातलं पहिलं, आणि कॉर्बेटचं नाव त्याच्या मृत्यूनंतर दिलं. प्रोजेक्ट टायगरची सुरुवातही १९७३ साली इथूनच.

६. जिप्सी आणि ड्रायव्हर

स्वतःची गाडी आत नेता येत नाही, रामनगरला सोडा. पार्कात नोंद असलेली जिप्सीच लागते, सहा पर्यटक बसतात, वर ड्रायव्हर आणि गाईड. मुक्काम असेल तर जिप्सी पूर्ण दिवसांसाठी ठरवायची, ती तुमच्याबरोबर आतच राहते.

भाव करताना चार गोष्टी सुट्ट्या करून विचारा: गाडीचं भाडं, गाडीची एंट्री फी, गाईडचे पैसे, ड्रायव्हरचं आत राहणं-जेवणं. "सब मिलाके" असं जो म्हणतो त्याच्याकडं परत निघताना काहीतरी राहिलेलं असतं.

आणि ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला हत्ती बघायचेत. त्यांचा विश्वास बसत नाही. आमचा म्हणाला, "सर, हाथी तो रोज़ दिखता है, टाइगर ढूँढते हैं." त्याची चूक नाही, लोक वाघ दिसला नाही की टिप देत नाहीत, तो बिचारा कॉल (वाघाची चाहूल लागली की चितळ-माकडं ओरडतात तो इशारा) आला की गाडी पळवणार. पहिली दुपार आमची अशीच गेली, चितळाचा कॉल आला की वीस जिप्सी धुरळा उडवत एका वळणावर, अर्धा तास सगळे उभे, वाघ नाहीच. परत येताना मी म्हटलं, उद्या फक्त चौडावर थांबायचं, हलायचं नाही, वाघ दिसला नाही तरी तुझी टिप पक्की. दुसऱ्या दिवशी हाच माणूस इतका खुलला. कुठला टस्कर कुठल्या रस्त्यानं पाण्यावर येतो, कुठल्या कळपात तान्हं पिल्लू आहे, सगळं त्याला पाठ, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

७. सामान

मळखाऊ रंगाचे कपडे, पूर्ण बाह्यांचे. मोठा रुमाल किंवा पंचा, तोंडाला बांधायला. टोपी. दुर्बीण घ्याच, ८×४२ ची साधी चालते, माणशी एक असली तर भांडणं होत नाहीत. टॉर्च. कॅमेऱ्याला धूळ लागू नये म्हणून उशीचा जुना अभ्रा, याच्यापेक्षा चांगलं कव्हर मी बघितलेलं नाही. ओआरएसची पाकिटं. पॉवर बँक, आत वीज जाते येते.

सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालानंतर व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर (गाभ्याच्या) भागात पर्यटकांना मोबाईल वापरायला बंदी आहे. त्यामुळे फोटो काढायचे तर वेगळा कॅमेरा घ्या, मोबाईलच्या फोटोंवर विसंबू नका.

नेऊ नका: दारू, मटण-अंडी, स्पीकर. ढिकालात कॅन्टीन पूर्ण शाकाहारी आहे. आमच्या मेहुण्यानं सुकट नेली होती डब्यात, तोंडी लावायला. ती रामनगरच्या लॉजमध्येच संपवायला लागली, सकाळी सात वाजता.

८. ढिकालात गेल्यावर

धनगढी ते ढिकाला हा रस्ताच एक सफारी आहे, झोपू नका. दोन तास लागतात. सालाची उंच झाडं, मध्ये मध्ये कोरडे सोत, मग एकदम रामगंगा. वाटेत हाय बँकला आणि क्रोकोडाइल पॉइंटला खाली उतरू देतात, तिथून नदीत मगरी, घडियाल आणि महासीर मासे वरून दिसतात. बाकी कुठंही गाडीतून उतरायचं नाही, अगदी चप्पल पडली तरी.

ढिकालाच्या आवाराला सौर कुंपण आहे. संध्याकाळनंतर त्याच्या बाहेर पाऊल नाही. रूमची दारं-खिडक्या बंद ठेवा, माकडं साबणसुद्धा नेतात. कॅन्टीनच्या वेळा ठरलेल्या आहेत, उशिरा गेलात तर भात संपलेला असतो. रात्री नऊला सगळीकडं सामसूम. ती वेळ वाया घालवू नका, कुंपणाच्या अलीकडं अंधारात नुसतं उभं राहा, चौडावरून आवाज येतात, हत्ती चरताना गवत उपटल्याचा, पोटातनं निघणारी ती खोल गुरगुर, आधी वाटतं लांब कुठं ट्रक चाललाय.

दुपारी सफारी नसते तेव्हा लोक झोपतात. तुम्ही मचाणावर जाऊन बसा. उन्हात बघायला काय मिळणार असं वाटतं, पण चारनंतर जंगलाच्या कडेनं एक एक करून ठिपके हलायला लागतात.

९. हत्तीसमोर कसं वागायचं

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण लोक वाघापुढं चिडीचूप होतात आणि हत्तीपुढं मोठमोठ्यानं बोलतात.

कळप म्हणजे माद्या आणि पिल्लं, म्होरकी सगळ्यात जाणती मादी. मोठे झालेले नर वेगळे पडतात, एकटे किंवा दोघं-तिघं मिळून फिरतात. आपल्याकडच्या हत्तींत लांब सुळे फक्त नरांना, आणि सगळ्या नरांना असतातच असं नाही, बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. त्यामुळे सुळे नाहीत म्हणजे मादी असा हिशेब करू नका. कपाळाचा आणि सोंडेच्या बुंध्याचा आकार बघा, नराचा तो फुगीर असतो.

कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा आणि पूर्ण जाऊ द्या. शेवटचा हत्ती गेला असं वाटतं तेव्हा अजून दोघं झाडीत असतात. पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला, मध्ये तुमची गाडी, हे कधीही होऊ देऊ नका, ड्रायव्हरनं केलं तर त्याला मागं घ्यायला सांगा.

डोळा आणि कान यांच्या मधून गालावर ओला काळा पट्टा उतरलेला दिसला की तो नर मदावर आहे, म्हणजे माजावर आलेला. त्याच्या जवळ जायचा हट्ट धरू नका. आमच्या दुसऱ्या खेपेला असाच एक टस्कर नदीकडून रस्त्यावर चढला, आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर, ड्रायव्हर काही न बोलता रिव्हर्स घ्यायला लागला आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर रिव्हर्सच गेला. मेहुणा एरवी गाडीत गप्प बसत नाही, तेव्हा बसला.

हत्ती कान पसरून, डोकं वर करून दोन-चार पावलं अंगावर येतो तेव्हा बऱ्याचदा ती नुसती धमकी असते. कान मागं चिकटवून, सोंड आत वळवून आला तर ती धमकी नसते. अर्थात, हे ओळखत बसायची वेळ येऊ देऊ नये. ओरडू नका, उभे राहू नका, फ्लॅश मारू नका. आणि काही खायला टाकू नका, केळं देवळातल्या हत्तीला.

बघायचं काय ते सांगतो. नुसते "हत्ती, हत्ती" म्हणून फोटो काढून पुढं जाणाऱ्यांचं बरंच काही सुटतं. चौडावर गवत खाताना हत्ती सोंडेनं जुडी उपटतो, मग ती पुढच्या पायावर आपटून मुळांची माती झाडतो, मग खातो. आमच्याकडं भुईमुगाच्या वेली उपटून बांधावर झाडतात, अगदी तस्सं. पिल्लांना ते जमत नाही, ती आपटतात पण गवत हातातनं, म्हणजे सोंडेतनं, उडून जातं आणि मग आईच्या तोंडातलं ओढतात. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो, त्यामुळे हे काम दिवसभर चालूच असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जलाशयाच्या काठाला गाडी लावून दोन तास बसलो. आधी एक कळप, मग डावीकडून दुसरा, मग तिसरा, आम्ही मोजायला सुरुवात केली, चाळीसपर्यंत गेलो आणि चुकलो. दोन कळप भेटले तेव्हा सोंडा एकमेकींच्या तोंडात घालून विचारपूस. मग सगळी पाण्यात. एक पिल्लू काठाच्या चिखलात घसरलं, दोघी-तिघींनी मिळून त्याला मागनं ढकललं. तिकडं लांब वाघाचा कॉल चालू होता, बाकीच्या जिप्सी पळाल्या, आमचा ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता, मी नाही म्हटलं. बायको म्हणाली, ही हत्तीण माझ्या सासूबाईंसारखी सगळ्यांना पाण्यातनं बाहेर काढतेय, चला आवरा म्हणून. कोण कुणाची सासू ते नीट दिसत होतं.

आमच्या गावाकडं हत्ती ऊसात शिरतो तेव्हा त्याच्या मागं पन्नास माणसं बॅटऱ्या घेऊन असतात. तो बुजलेला असतो, लोकही भ्यालेली असतात, आणि चूक कुणाची हे बांधावर उभं राहून ठरत नाही. इथं तोच प्राणी कुणाच्याही मागंपुढं न बघता चिखल अंगावर उडवत होता. मला तेव्हा चंदगडच्या त्या एकट्या टस्करांची आठवण झाली.

१०. बाहेर पडताना

शेवटच्या दिवशी सकाळची सफारी करता येते, पण ठरलेल्या वेळेच्या आत धनगढी ओलांडावं लागतं, म्हणून सामान आदल्या रात्रीच भरा आणि सफारीला जाताना रूमची चावी आणि बिल मिटवून निघा. परतीची गाडी त्याच दुपारची ठेवू नका. पाऊस झाला की धनगढीच्या नाल्याला पाणी येऊन रस्ता अडू शकतो, जूनच्या सुरुवातीला वळीव झाला तरी.

कचरा पिशवीत भरून बाहेर आणा. ड्रायव्हरला कबूल केलेली टिप द्या, वाघ दिसलेला नसला तरी. गेटबाहेर चहाच्या टपऱ्या आहेत, तिथं पोचल्यावर दोन दिवसांनी नेटवर्क येतं आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागतात. मी पहिला फोन आईला केला. ती म्हणाली, "दिसला का रे गणपती?" मी म्हटलं चाळीस दिसले. "मग पुढच्या वेळी मी येणार, ऊन असू दे नाहीतर काही." म्हणून पुढच्या मे महिन्यासाठी पाच जणांचे आयडी नंबर आत्तापासून एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलेत.